आझाद हिंद सेनेचा खटला
५ नोव्हेंबर १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेचे अधिकारी शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला उभा राहिला. मुख्य आरोप राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा होता. तिघांनीही आधी ब्रिटिश हिंदी लष्करात इमानाची शपथ घेतली होती आणि पुढे सुभाषचंद्र बोस यांना सरसेनापती मानले. लष्करात यावरून उभी फूट होती: एकाच पलटणीतल्या काहींच्या लेखी हे देशभक्त, तर युद्धकैदेत हाल सोसूनही शपथ न मोडणाऱ्यांच्या लेखी हे फितूर. दुसऱ्या बाजूचे इमान आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. बचावात वकील भुलाभाई देसाईंनी परतंत्र प्रजेलाही युद्धाचा हक्क असतो, असा मुद्दा मांडला. बचावासाठी नेहरूंनीही बऱ्याच वर्षांनी बॅरिस्टरचा झगा अंगावर चढवला. तिघांनाही जन्मठेप झाली, पण जानेवारी १९४६ मध्ये ब्रिटिश हिंदी लष्कराचे सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती माफ केली. शिक्षा अमलात आणल्यास लष्करातच बंड होईल, हे त्यांनी ओळखले होते. आझाद हिंद सेनेतले सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले पुढे केंद्रात उपमंत्री झाले, पण आझाद हिंदच्या सैनिकांना स्वतंत्र भारताच्या लष्करात परत घेतले गेले नाही. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात त्यांना पहिल्यांदा स्थान मिळाले ते २०१९ मध्ये. तेव्हा आलेले चौघेही नव्वदी ओलांडलेले होते.