लंडनचा पगार, नाशिकचा स्वयंपाक



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हजेरी झाली, बचत जमा झाली. ज्या ताईंच्या घरी बसलो होतो त्यांच्या टीव्हीवर एक गाणं सुरू होतं. बर्फाचे डोंगर, हिरवंगार गवत, गळ्यात मोठ्या घंटा बांधलेल्या गाई आणि एवढ्या थंडीत पातळ साडी नेसून नाचणारी हिरोईन. आमच्या गटातल्या सगळ्यांत मोठ्या आजी बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "काहून जातेत जी हे लोक तिकडं नाचाले? आपल्या चिखलदऱ्यात काय डोंगर नाही?"

सगळ्या हसलो. पण त्याच बैठकीत आमच्यापुढे दुसरा एक विषय होता आणि त्यावर हसू येत नव्हतं. एका व्यापाऱ्याने निरोप पाठवला होता. आमचे पापड, सांडगे, कुरडया त्याला आवडल्या. त्याचं म्हणणं असं की शहराबाहेर त्याची शेड आहे, मशीन आहे, तिथे या, महिन्याला पगार घ्या. माल त्याच्या नावाने विकला जाईल. गटाचं कर्ज, उधारी, पावसाळ्यात माल खराब होणं, असली कुठलीच कटकट आमच्यामागे राहणार नाही. अर्ध्या जणी तयार होत्या, अर्ध्या जणी गप्प होत्या.

आमचा बी.ए.ला इतिहास होता, त्यामुळे अशा वेळी जुन्या गोष्टी आठवायची खोड आहे. आजींचा प्रश्न आणि व्यापाऱ्याचा निरोप, दोन्हींना जोडणारी एक गोष्ट आठवली. ती आज तुम्हाला सांगतो.

आधी आजींचं उत्तर देऊन टाकू. राज कपूर यांनी 1964 च्या 'संगम'मध्ये व्हेनिस, पॅरिस, स्वित्झर्लंड दाखवलं. ज्यांनी कधी विमान जवळून पाहिलं नव्हतं अशा लाखो लोकांनी तिकिटाच्या पैशात युरोप पाहिला. नंतर 1967 मध्ये 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस' आला, त्याच्या नावातच पॅरिस. पुढे 1989 नंतर काश्मीरमध्ये परिस्थिती बिघडली, तिथलं शूटिंग जवळपास थांबलं आणि बर्फ हवा असला की निर्माते स्वित्झर्लंडला जाऊ लागले. यश चोप्रांनी 'चांदनी'त तो देश दाखवला, मग 1995 मध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला आणि तिथली छोटी रेल्वे स्टेशनं आपल्या लोकांना ओळखीची झाली. इंटरलाकेन गावात 2016 मध्ये यश चोप्रांचा पुतळाच उभा राहिला. ज्या देशाला पर्यटक हवे असतात तो सिनेमावाल्यांना सवलती देतो, परवानगी लवकर देतो. म्हणजे आजी, डोंगर आपल्याकडेही आहेत, पण तिकडे जाण्यात सगळ्यांचाच हिशेब बसतो.

पण हा प्रश्न पहिल्यांदा आला तो एका मराठी माणसापुढे, 1914 साली. आणि त्याने तिकडे नाही म्हटलं.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1870 चा. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला फोटोग्राफी केली, तिथे प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल गेलं. पुढे छपाईच्या धंद्यात पडले, यंत्रं आणायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटलं नाही, तेही सुटलं. चाळिशी आली होती, घरात पोरंबाळं होती, हातात काम नव्हतं. अशा वेळी 1911 च्या ईस्टरला गिरगावात त्यांनी येशूच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन पुन्हा गेले. या बायकोचं नाव सरस्वतीबाई. आपल्याकडे दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार सगळ्यांना माहीत आहे, या बाईंचं नाव विचारलं तर बैठकीत एकीलाही सांगता आलं नाही.

फाळक्यांच्या डोक्यात एकच बसलं. येशू पडद्यावर चालतो, तर आपला राम, आपला कृष्ण का नाही चालणार? त्यासाठी लागणारं ज्ञान आणि यंत्र तिकडेच होतं. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून कर्ज उभं केलं आणि 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला निघाले. तिथे ओळख ना पाळख. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत सरळ आत शिरले. संपादकाने आधी सांगितलं की या धंद्यात पडू नका, इथले लोकच बुडतायत. पण माणूस मागे हटत नाही म्हटल्यावर त्यानेच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या वॉल्टन इथल्या स्टुडिओचा रस्ता दाखवला. फाळक्यांनी तिथे काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि तिला भोकं पाडायचं यंत्र मागवलं. लंडनमध्ये ते जेमतेम दोन आठवडे होते. एप्रिलच्या सुरुवातीला परत मुंबईत.

आता भोकं पाडायच्या यंत्राबद्दल थोडं सांगायलाच हवं. त्या वेळी कच्ची फिल्म सपाट पट्टी म्हणून यायची. कॅमेऱ्याच्या दात्यांनी ती पुढे सरकावी म्हणून दोन्ही कडांना भोकं पाडावी लागत, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. दिवसभराचं घरकाम उरकून रात्री अंधाऱ्या खोलीत त्या भोकं पाडत बसायच्या. आमच्या गटातल्या एका ताईंची दहावीतली मुलगी शेजारी बसली होती, तिला आम्ही हिशेब करायला लावला. एक फूट फिल्मवर सोळा चित्रं असतात. एका चित्राला दोन्ही बाजूंनी चार-चार, म्हणजे आठ भोकं. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी होती 3,700 फूट. उत्तर आलं 4,73,600. तेही एकाच प्रतीचं, वाया गेलेली फिल्म धरलेलीच नाही. खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. शिवणकाम करणाऱ्या आमच्या एक ताई तेवढ्या म्हणाल्या, "अंधारात सुईत दोरा घालाले सांगा कोनाले."

त्याआधी फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा लावला आणि रोज एकेक चित्र घेत त्याचा अंकुर वाढताना दाखवला. महिनाभर लागला. ती पाहून सावकाराचा विश्वास बसला. आपल्याला बँकेत प्रोजेक्ट रिपोर्ट द्यावा लागतो ना, हा त्यांचा प्रोजेक्ट रिपोर्ट.

मग दादरच्या बंगल्यात काम सुरू झालं. चित्रपटात काम करायला एकही बाई तयार होईना, तेव्हा ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुरुषांनाही लाज वाटायची, म्हणून कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगायची पद्धत पडली. परेश मोकाशींच्या 2009 च्या चित्रपटाचं नाव तिथूनच आलं आहे. ही सगळी माणसं, साठ-सत्तर जण, फाळक्यांच्या घरीच जेवायची. त्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे. कपडे धुणं, शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उजेड चेहऱ्यावर पाडणं, रसायनं कालवणं, हेही त्यांच्याकडे. पदरात लहान मुलं. थोरला भालचंद्र तर चित्रपटातला रोहिदासच झाला.

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चालला. फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. गोदावरी, घाट, देवळं, डोंगर, लेणी, पुराणातल्या गोष्टीला लागतं ते सगळं तिथे हाताशी होतं. पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई, अशा पहिल्यांदा खऱ्या बाया पडद्यावर आल्या. विक्रम गोखले हे याच कमलाबाईंचे नातू.

आता येतो 1914 च्या उन्हाळ्याकडे. फाळके आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथल्या लोकांनी पाहिले आणि चकित झाले. घरच्या घरी, एका कॅमेऱ्यावर हे केलंय? हेपवर्थच्या कंपनीने त्यांना सांगितलं, इथेच राहा, हिंदुस्थानी चित्रपट इथे आमच्यासाठी काढा. पगार महिन्याला तीनशे पौंड आणि वर नफ्यात वाटा. ज्या स्टुडिओत दोन वर्षांपूर्वी हा माणूस शिकायला उभा होता, तोच स्टुडिओ त्याला ठेवून घ्यायला निघाला होता. फाळके नाही म्हणाले. चित्रपट काढीन तर आपल्या देशात.

का बरं? देशाभिमान होताच, ते दिवस स्वदेशीचे होते. पण आम्हाला वाटतं, धंद्याचा विचारही पक्का होता. त्यांच्याकडे जे काम होत होतं ते उन्हावर होत होतं आणि नाशिकचं ऊन लंडनला मिळणार नव्हतं. सावित्री वडाला फेऱ्या मारते ती का मारते, हे तिथल्या कामगाराला कोण समजावणार? आणि चित्रपट पाहणारी माणसं इथे होती. आणखी एक गोष्ट पुस्तकांत फारशी ठळक लिहिलेली नसते. फाळक्यांचा खरा कारखाना म्हणजे त्यांचं घर होतं. रात्री भोकं पाडणारी, सत्तर माणसांना जेवू घालणारी बाई लंडनच्या कंपनीने पगारावर कुठून आणली असती?

आमच्या आजींनी इथे मधेच अडवलं. "हे तर बरं झालं. पन नाही म्हनाच्या आधी बायकोले इचारलं का त्यानं?"

आजी, ते होते लंडनला, बाई इकडे घरी. पुढे काय झालं ते ऐका. फाळके परतले आणि महायुद्ध सुरू झालं. कच्ची फिल्म परदेशातून यायची, ती महाग झाली, मिळेनाशी झाली. पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. नोकरांचे पगार थकले. ज्या माणसाने तीनशे पौंड नाकारले त्याला नाशिकमध्ये कारखाना चालवणं जड झालं. अशा वेळी काय मोडतं ते आपल्याला सांगायला नको. सरस्वतीबाईंचे दागिने या धंद्याच्या कामी आले.

दिवस फिरले ते 1917 मध्ये. 'लंकादहन' आला, त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके. पडद्यावर राम आला की लोक चपला काढून ठेवायचे असं सांगतात. पैसा आला. लगेच भांडवलवाले भागीदारही आले आणि 1918 मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची छोटी मंदाकिनी कृष्ण झाली. पण भागीदारांशी पुन्हा पटलं नाही, फाळके कंपनी सोडून काशीला गेले, नंतर परत आले. पुढे बोलपट आला आणि त्यांचा जमाना सरला. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला ते गेले तेव्हा गाठीला फारसं काही नव्हतं.

युरोपशी व्यवहार करणारे नंतरही बरेच झाले. हिमांशु राय यांनी म्युनिकच्या कंपनीशी हात मिळवला, पण 1925 चा 'लाइट ऑफ एशिया' काढायला जर्मन लोकच इकडे आले, कारण हत्ती, राजवाडे आणि गर्दी इकडे होती. प्रभातच्या शांतारामबापूंनी 'सैरंध्री' इथे चित्रित केला आणि रंगांसाठी 1933 मध्ये जर्मनीला नेला. रंग काही मनासारखे उतरले नाहीत. आणि आपल्याच नागपुरात नागराज मंजुळे 'झुंड'साठी थेट अमिताभ बच्चनला घेऊन वस्तीत आले. आमच्यातल्या दोघींनी ते शूटिंग लांबून पाहिलंय आणि त्या अजून ते सांगत असतात, म्हणून तो विषय आम्ही आवरता घेतला.

फाळके चुकले का? आमच्या मते चुकले नाहीत. ते तिथे राहिले असते तर कोणाच्या तरी कंपनीतले पगारी कारागीर झाले असते आणि इथला धंदा अजून काही वर्षं उभा राहिला नसता. पण धोका पत्करला एकाने आणि दागिने गेले दुसरीचे. त्या कंपनीच्या नावात फाळके होतं. भोकं कोणी पाडली, भाकरी कोणी थापल्या, याचा पगार कुठल्याच वहीत चढला नव्हता.

व्यापाऱ्याच्या निरोपावर त्या दिवशी दोन तास बोलणं झालं. शेवटी ठरलं असं. शेडमध्ये पगारावर जायचं नाही. त्याला माल हवा असेल तर आपण आपल्याच ठिकाणी करून देऊ, पाकिटावर गटाचं नाव छापलं पाहिजे. चुलीपुढे, वाळवणावर, पाकिटं भरण्यावर ज्या बसतील त्यांचे तास वहीत लिहायचे आणि नफा वाटायच्या आधी त्याचे पैसे द्यायचे. आणि आजींनी हट्टाने एक ओळ ठरावात घालायला लावली. गटाच्या कामासाठी कोणाच्याही घरातला दागिना गहाण ठेवायचा झाला, तर जिचा दागिना तिने स्वतः बैठकीत येऊन सांगायचं, नवऱ्याचा किंवा पोराचा निरोप चालणार नाही.

सगळ्यांनी सह्या केल्या, आजींनी अंगठा दिला. व्यापाऱ्याला कळवलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि आमच्या मुगवड्या गच्चीवर वाळत घातल्या आहेत.