पाच कप्प्यांची पेटी

1972 साली सेबास्टियन लाइट्नर या पत्रकाराचं जर्मन पुस्तक आलं. विषय होता अभ्यास कसा करावा. त्यात त्याने सुचवलेली पेटी कुणालाही घरी बनवता येईल इतकी साधी होती: पाच कप्पे आणि कार्डांचा गठ्ठा. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जायचं, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा अगदी अरुंद. तो लगेच भरतो, म्हणून त्यातली कार्डं वारंवार हातात घ्यावी लागतात. पुढचे कप्पे रुंद होत जातात आणि तिथल्या कार्डांची पाळी उशिरा येते.

या पेटीचं मूळ शोधत मागे गेलं की आपण जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊसपाशी पोहोचतो. त्याने निरर्थक अक्षरगटांच्या याद्या घोकल्या, काही काळ जाऊ दिला आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजलं. प्रयोग करणारा तोच आणि पाठ करणाराही तोच. वर्षानुवर्षं हे रुक्ष काम चिकाटीने करून 1885 मध्ये त्याने निष्कर्ष छापले. तासाभरातच निम्म्याहून अधिक मेहनत वाया जायची. एका दिवसानंतर जेमतेम एक तृतीयांश उरायची. पण महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश टिकून असायची. म्हणजे विसरण्याचा वेग सुरुवातीला प्रचंड असतो, मग मंदावतो. याहून मोलाची नोंद उजळणीची आहे. एकाच दिवशी 68 वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागलेल्या 38 वेळांत साधलं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या प्रत्येकाला हे दोन आकडे माहीत असायला हवेत.

दुसरा धागा अमेरिकेतला. 1939 मध्ये हर्बर्ट स्पिट्झर या संशोधकाने आयोवा राज्यातल्या सहावीच्या 3,605 मुलांना उतारे वाचायला दिले. वाचल्यावर लगेच ज्यांची चाचणी झाली, त्यांना पुढे ते अधिक आठवलं. आठवून पाहणं हाच अभ्यास ठरला. लाइट्नरच्या पेटीत हे दोन्ही धागे एकत्र आले: अंतर ठेवून उजळणी आणि उत्तर न बघता आठवणं.

पुढचा प्रवास झटपट झाला. पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाकने 1987 मध्ये उजळणीचं अंतर गणिताने ठरवणारा संगणक प्रोग्राम लिहिला आणि 2006 मध्ये त्याच कल्पनेवरचं ‘अंकी’ हे कार्डांचं सॉफ्टवेअर आलं. आज कप्पे मोबाइलमध्ये आहेत.

मधल्या काळात मात्र प्रत्येकाची शिकण्याची पद्धत वेगळी मानणारी ‘मी ऐकून शिकतो, ती बघून शिकते’ ही विभागणी लोकप्रिय झाली. 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी त्यावरचं संशोधन तपासलं. विद्यार्थ्याच्या प्रकारानुसार शिकवल्याने फायदा होतो, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. माझ्या मते स्वतःला साजेशी पद्धत हवी असेल, तर ती लाइट्नरच्या पहिल्या कप्प्यातच आहे. तिथे साचलेली कार्डं दोन विद्यार्थ्यांची कधीच सारखी नसतात.

एवढं जपा: जे समजलेलंच नाही त्याची कार्डं करू नका, आधी ते समजून घ्या. मग पुस्तक मिटून उत्तर सांगा, आणि अडखळलात तर ते कार्ड निमूटपणे पहिल्या कप्प्यात टाका.