शिवडीचा टँकर आणि गच्चीवरचं विमान

शिवडीत वाढलेल्या पोराला पेट्रोलच्या टँकरचं अप्रूप नसतं. त्याच्याखाली रस्त्याला घासत जाणारी साखळी मात्र मला कोडं घालायची. पेट्रोल नळीतून वाहताना, टाकीत हिंदकळताना त्यावर विद्युतभार साचतो. तो जमिनीत उतरावा म्हणून ती असते, हे इंजिनीअरिंगला गेल्यावर कळलं. (खरं काम डेपोत टँकरला लावतात त्या क्लिपवाल्या तारेचं. साखळी दिसते, म्हणून लक्षात राहते एवढंच.)

माझगाव-शिवडीची भरणी १९१२ साली पुरी झाली आणि हा किनारा तेलाच्या डेपोंचा झाला. पण विमानापर्यंत पेट्रोल पोचायचं ते डब्यांतून. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून जुहूला आले, तेव्हा वाटेत अहमदाबादला बर्मा शेलचे चार-चार गॅलनचे डबे चक्क बैलगाडीतून आले होते!

त्या काळी विमानात ओतताना पेट्रोल शॅमी कातड्यातून गाळत, पाणी अडावं म्हणून. गाळताना भार आणखी वाढतो. पण डबा पत्र्याचा, नरसाळं पत्र्याचं, टाकीचं तोंड धातूचं. तिघं एकमेकांना टेकलेले असले की भार सगळीकडे सारखा होतो आणि ठिणगीला जागाच उरत नाही.

मग प्लास्टिकचे कॅन आले. १९७५मध्ये बर्ट रुटानचं ‘व्हेरीईझी’ उडालं आणि घरी बांधायच्या विमानांत फायबरग्लास रुळलं. दोन्हींतून वीज वाहत नाही. धातूचं नरसाळं अशा टाकीत अधांतरी राहिलं, तर भार त्याच्यावर साचतो आणि जवळ आलेल्या हाताकडे उडी मारतो. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. अमेरिकेच्या ‘नायॉश’ने १९९८मध्ये बजावलं होतं, की पिकअपच्या प्लास्टिक अस्तरावर ठेवून कॅन भरू नका, जमिनीवर ठेवा.

आपल्याकडे हा प्रश्न लांबचा नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०१६मध्ये बीकेसीच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. २०१७मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली. उद्या तुमच्या ओळखीतलं कुणी विमान बांधेल. विमानतळावरच्या गाडीला तार असते, पण हँगरमागे कॅन घेऊन उभ्या माणसाला ती स्वतः जोडावी लागते.

कॅन शक्यतो धातूचा घ्यावा. त्याच्यापासून नरसाळ्याला आणि विमानाच्या उघड्या, रंग न लावलेल्या धातूला तार लावावी. फायबरग्लासच्या टाकीचं तोंड आतून इंजिनाच्या धातूला जोडलेलं हवं. ते बांधतानाच करायचं, नंतर जीव जातो. प्लास्टिकचाच कॅन असेल तर शॅमी नको, आणि ओतायचं हळू, कॅनचं तोंड नरसाळ्याला टेकवून. तार झाकण उघडण्याआधी लावायची आणि झाकण बसल्यावरच काढायची, कारण जोडताना-काढताना पडलेल्या ठिणगीच्या आसपास वाफ नको.

मुंबईच्या दमट हवेत दाराच्या कडीचा झटका क्वचितच बसतो, म्हणून आपण गाफील. नळीतल्या पेट्रोलपर्यंत तो दमटपणा पोचत नाही.