भिंतीत आरपार दगड आहे का?

मागच्या बैठकीत गटाची बचत गोळा झाली, वही लिहून झाली, तेव्हा मी सहज विचारलं, "रात्री भूकंप झाला तर काय कराल?" एक म्हणाली, पळू. दुसरी म्हणाली, देवाचं नाव घेऊ. कोपऱ्यात एक मावशी बसल्या होत्या, साठी उलटलेल्या. त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुझ्या भिंतीत आरपार दगड आहे का गं?"

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकात भेटला नव्हता. मावशी एके काळी 'संवाद सहायक' होत्या. हा शब्द आता आपल्यातल्या तरण्या पोरींना माहीतही नाही. म्हणून आजचं बोलणं त्याच्यावर.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं मिनिटभरात बसली. आठ ते दहा हजार माणसं गेली असं सांगतात. पुढं बावन्न गावं उचलून नव्या जागी वसवावी लागली.

धक्का सहाच्या थोडा वरचा होता. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि एवढी माणसं मरत नाहीत. मग आपल्याकडंच असं का झालं?

याचं उत्तर घरात होतं. दगड-मातीची भिंत, दोन-अडीच फूट, कुठं त्याहून जाड. बाहेरून बघितली तर किल्ल्यासारखी. पण आतून ती एक भिंत नव्हतीच. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, आणि मधे बारके दगड नि चिखल भरलेला. दोन्ही थरांना धरून ठेवणारा लांब दगड, मावशी म्हणतात तो आरपार दगड, बहुतेक भिंतींत नव्हताच. त्यावर माळवद. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून माळवदावर माती टाकायची आपली रीतच. आजे-सासऱ्यांपासून दरसाल थोडी थोडी माती चढत गेली. वर फूट-दीड फूट मातीचं ओझं झालं, ते कुणी मोजलं नाही. उन्हाळ्यात घर गार राहायचं, त्याचं कौतुकच होतं. जमीन हलल्यावर भिंतीचे दोन थर फाकले आणि ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. गावाबाहेर कुडाच्या झोपडीत राहणारे पुष्कळ जण वाचले, मोठ्या वाड्यातले गेले. जिथं माळवदाचं वजन लाकडी खांबांवर नीट तोललेलं होतं, तिथं भिंती पडूनही खण उभे राहिले.

एक गोष्ट मला राहून राहून टोचते. जमिनीनं सांगितलं नव्हतं असं नाही. वर्षभर आधी, १९९२च्या पावसाळ्यापासून, किल्लारीकडं बारके धक्के बसत होते. ऑक्टोबरात एक जरा मोठा बसला, घरांचं नुकसान झालं, लोक बाहेर झोपले. मग धक्के कमी झाले आणि माणसं पुन्हा माळवदाखाली आली. त्यांना तरी काय बोल लावायचा? सरकारच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याचा होता. घराचं काय करायचं हे सांगायला कुणी आलं नाही. भूकंपानंतर नकाशा बदलला.

पुढं सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. जी गावं पुरती गेली ती नव्यानं बांधायची. पण त्याहून कितीतरी जास्त घरं तडे जाऊन उभी होती, जवळजवळ दोन लाख. ती ज्याची त्यानं दुरुस्त आणि मजबूत करायची, पैसे हप्त्यानं मिळणार, इंजिनियर बघून जाणार. आता गावोगावी हे समजावणार कोण? स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आणि तिच्या प्रेमा गोपालन यांनी हे काम अंगावर घेतलं. त्यांनी गावातल्या महिला मंडळांतल्याच बाया निवडल्या. त्या संवाद सहायक. हजाराहून जास्त गावांत हे काम चाललं.

मावशी सांगतात, पहिल्या ग्रामसभेला त्या दाराच्या आड उभ्या होत्या. घर बांधणं हे गड्याचं काम, बाईनं चिखल तुडवावा, पाणी आणावं, एवढंच. पण दिवसभर घरात असतं कोण? कुठली भिंत ओल धरते, कुठं तडा वाढलाय, हे बाईलाच माहीत. सहायक झाल्यावर त्या शिकल्या: माळवदाची माती कमी करायची, दोन थरांना धरणारा आरपार दगड किंवा काँक्रीटचा सांधा भिंतीत बसवायचा, दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना फिरून काँक्रीटचा पट्टा द्यायचा. पट्टा एका भिंतीवर दिला आणि तीन सोडल्या, तर उपयोग शून्य. हे मावशींनी मिस्त्रीला सांगितलं, तर तो म्हणाला, "बाई, मी वीस वर्षं भिंती बांधतोय." मावशी म्हणाल्या, "तुझ्या वीस वर्षांतल्याच पडल्यात बाबा."

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. लोकांच्या मनात दगडाची धास्ती बसली होती. पुष्कळांनी जुनं घर मजबूत करण्यापेक्षा त्या पैशात विटा-सिमेंटची एक नवी खोली काढली. भूकंप आला की खोलीत, एरवी जुन्याच माळवदाखाली. भूकंप विचारून येतो का? नव्या वसाहतींतही शहरासारखे सरळ रस्ते आले, पण ओसरी आणि आडोसा गेला, याची खंत तिथल्या बाया अजून बोलून दाखवतात.

पण एक गोष्ट टिकली. दुरुस्तीचं काम आटोपलं तरी बाया एकत्र बसायच्या थांबल्या नाहीत. त्यांतल्या कितीतरी मंडळांचे बचत गट झाले. २६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिकडं गेल्या. भाषा येत नव्हती. पण पडलेल्या घरापुढं बसलेल्या बाईला, आम्हीही यातून गेलोय, हे सांगायला भाषा फार लागत नाही. पुढं कच्छच्या बायाही इकडची कामं बघून गेल्या. २००४च्या त्सुनामीनंतर आपल्या बाया तमिळनाडूलाही पोचल्या.

आता आपल्याकडं बघा. २१ मार्च २०२४ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली, नांदेड, परभणीत धक्के बसले. साडेचारचा भूकंप, जीवितहानी नाही. त्या दिवशी प्रशासनानं सांगितलं की पत्र्यावर वजन म्हणून ठेवलेले दगड काढून घ्या. बातमी सगळ्यांनी मोबाईलवर वाचली. दगड किती घरांवरून उतरले?

म्हणून त्या बैठकीनंतर आम्ही मावशींना पुढं घालून गल्लीत फिरलो. घरांच्या भिंती बघितल्या, कोपरे बघितले, नि गटाच्याच वहीत मागच्या पानांवर लिहून घेतलं: कुणाचं माळवद, कुणाचा पत्रा, कुठं पट्टा आहे, रात्री कुणाच्या घरात म्हातारं माणूस एकटं असतं. बऱ्याच जणींना स्वतःच्या घरात पट्टा आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी बांधलं, ते गेले, विचारायचं कुणाला?

एका ताईच्या पत्र्यावर जुनं जातं होतं. पीठ गिरणीतून येतं, मग जात्याचं करायचं काय, म्हणून वर ठेवलेलं, आणि बरोबर खाली बाळाची झोळी. ताईचा नवरा म्हणाला, काढलं तर वाऱ्यानं पत्रा उडेल. त्याचंही बरोबर होतं. मग गटातून छोटं कर्ज दिलं, त्यांनी हुकाचे बोल्ट आणून पत्रा लाकडाला आवळून घेतला. जातं चौघांनी मिळून खाली उतरवलं. मावशी त्यावर बसून चहा प्यायल्या. वहीत अजून तेली गल्ली आणि वरची वस्ती राहिलीय, या रविवारी तिकडं जायचंय.