अशनीतले शिसे, हवेतले शिसे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे आहे, हे आज शाळकरी मूलही सांगते. पण हा आकडा कोणी आणि कसा काढला, असे विचारले तर उत्तर चटकन येत नाही. हा आकडा काढणाऱ्या माणसाने पुढची तीस वर्षे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध झुंज दिली, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव क्लेअर पॅटरसन. आजची गोष्ट त्यांची आणि शिशाची.

पृथ्वीच्या वयाचा वाद जुना आहे. पृथ्वी म्हणजे निवत चाललेला तप्त गोळा, असे धरून लॉर्ड केल्विन यांनी १८६२ साली गणित मांडले आणि वय २ ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान असावे असे म्हटले. पुढे तर त्यांनी ते २ ते ४ कोटींवर आणून ठेवले. भूगर्भशास्त्रज्ञांना हे पटत नव्हते, पण केल्विन यांच्या गणितापुढे बोलायचे कोणी? १८९६ साली किरणोत्साराचा शोध लागला आणि वेगळेच घड्याळ हाती आले. युरेनियमचा हळूहळू ऱ्हास होतो आणि शेवटी त्याचे शिसे होते. हा ऱ्हास ठरलेल्या गतीने चालतो. उष्णतेने तो वाढत नाही की थंडीने कमी होत नाही. बर्ट्राम बोल्टवूड यांनी १९०७ साली या पद्धतीने काही खनिजांची वये काढली, ती ४० कोटींपासून २२० कोटी वर्षांपर्यंत भरली. ब्रिटनच्या आर्थर होम्स यांनी तर आयुष्यभर हाच विषय लावून धरला.

अडचण होती ती सुरुवातीच्या शिलकेची. हिशेबाची भाषा वापरू. एखाद्याच्या खात्यात आज अमुक रक्कम आहे आणि व्याजाचा दर आपल्याला ठाऊक आहे. पण मूळ मुद्दल किती होते हे कळल्याशिवाय खाते कधी उघडले ते सांगता येईल का? शिशाचेही तसेच. शिशाचे चार स्थिर समस्थानिक आहेत, म्हणजे रासायनिक गुण तेच पण अणूचे वजन वेगळे. त्यांपैकी २०४ वजनाचे शिसे कशापासूनही नव्याने तयार होत नाही. २०६ वजनाचे शिसे युरेनियम २३८ पासून तयार होते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षे. २०७ वजनाचे शिसे युरेनियम २३५ पासून येते, ज्याचा अर्धायुकाल सुमारे ७० कोटी वर्षे. म्हणजे एकाच खात्यात दोन वेगळ्या दरांनी व्याज जमा होत असते. पृथ्वी जन्मली तेव्हाचे मुद्दल मात्र पृथ्वीवर शोधून सापडत नाही. इथले आद्य खडक कधीच वितळले, झिजले, गाडले गेले.

ते मुद्दल सापडले आकाशातून पडलेल्या दगडात. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सुमारे सव्वा किलोमीटर व्यासाचा एक खड्डा आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारसारखाच तोही आघाताने झालेला. मात्र लोणार बेसाल्टच्या काळ्या खडकात आहे आणि तिथे पाणी साठले आहे, तर हा कोरड्या माळावर. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी तिथे लोखंडाचा एक प्रचंड अशनी आदळला. त्याचे तुकडे जवळच्या ओढ्याच्या नावावरून ‘कॅन्यन डियाब्लो’ या नावाने ओळखले जातात. या लोखंडात ट्रॉयलाइट नावाचे, लोह आणि गंधक यांचे एक खनिज असते. त्यात शिसे असते, पण युरेनियम जवळजवळ नसतेच. युरेनियम नाही म्हणजे व्याज नाही. सूर्यमाला जन्मली त्या वेळचे शिसे तिथे जसेच्या तसे राहिले आहे.

शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन यांनी १९४८ च्या सुमारास हे काम आपल्या तरुण विद्यार्थ्याला, पॅटरसन यांना दिले. पॅटरसन हे आयोवा राज्यातल्या लहानशा गावातले. युद्धकाळात अणुबाँबच्या प्रकल्पात त्यांनी समस्थानिक मोजणारे यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, हाताळले होते. सरावासाठी आधी झिरकॉन खनिजाच्या बारीक कणांतले शिसे मोजायचे ठरले. सहकारी जॉर्ज टिल्टन युरेनियम मोजणार आणि पॅटरसन शिसे. टिल्टन यांचे आकडे जुळू लागले. पॅटरसन यांचे मात्र काही केल्या जुळेनात. अपेक्षेपेक्षा शिसे कितीतरी जास्त भरे, आणि दर वेळी वेगळे.

खात्यात कोणीतरी परस्पर पैसे टाकत होते! पॅटरसन एकेक करून शोधू लागले. नळाच्या पाण्यात शिसे, काचेच्या भांड्यात शिसे, दुकानातून आणलेल्या आम्लात शिसे, हवेतल्या धुळीत शिसे, इतकेच काय, माणसाच्या केसांत आणि कपड्यांवरही शिसे. मोजायचा कण इतका सूक्ष्म की खोलीत कोणी वावरले तरी हिशेब बिघडे.

१९५२ साली ब्राउन यांच्याबरोबर ते कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत गेले आणि तिथे त्यांनी स्वतःची स्वच्छ प्रयोगशाळा उभारली. आत येणारी हवा गाळलेली. पाणी आणि आम्ले पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेली. भांडी आम्लात बुडवून ठेवलेली. जमीन, भिंती, टेबले सतत पुसलेली. आज इलेक्ट्रॉनिक चिप बनवताना आणि अवकाशातून आणलेले नमुने हाताळताना अशाच दक्षतेच्या खोल्या लागतात; रसायनशास्त्रात त्या काळी एवढी काळजी क्वचितच कोणी घेत असे. १९५३ साली कॅन्यन डियाब्लोमधले शिसे त्यांनी वेगळे केले आणि शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मोजले. मुद्दल कळले. १९५६ साली त्यांनी तीन दगडी आणि दोन लोखंडी अशनींचे आकडे एकत्र मांडले. ते एका सरळ रेषेवर आले आणि महासागराच्या तळच्या गाळातले शिसेही त्याच रेषेजवळ पडले. उत्तर होते ४५५ कोटी वर्षे, सात कोटी इकडे-तिकडे. पुढे १९६९ साली मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे अशनीतल्या पांढऱ्या कणांसारख्या आद्य कणांचे वय ४५६.७ कोटी वर्षे भरले. सत्तर वर्षांत यंत्रे कुठल्या कुठे गेली, तरी मूळ आकडा फारसा हललेला नाही.

इथे थांबले असते तरी पॅटरसन यांचे नाव राहिले असते. पण प्रयोगशाळेत घुसणारे ते शिसे त्यांच्या मनातून जाईना. नुसते पुसून टाकावे की ते येते कुठून हे विचारावे? त्यांनी विचारायचे ठरवले. समुद्राचे पाणी तपासले, तर पृष्ठभागाजवळ शिसे भरपूर आणि खोल पाण्यात फारच कमी. समुद्राचे वरचे-खालचे पाणी मिसळायला शेकडो वर्षे लागतात. म्हणजे वरचे शिसे अलीकडे आलेले. डोंगरावरच्या बर्फातही तेच दिसले.

उगम समोरच होता. मोटारीचे इंजिन ठोके देऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घालण्याची युक्ती जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी १९२१ साली शोधली. १९२३ पासून ते विकले जाऊ लागले. १९२४ साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. थोडी खळबळ झाली, चौकशी झाली आणि विक्री पुन्हा सुरू झाली. लॉस एंजेलिसच्या हवेतल्या शिशातील समस्थानिकांचे प्रमाण तिथल्या पेट्रोलमधल्या शिशाशी जुळते, हे १९६५ साली चाऊ आणि जॉन्स्टन यांनी दाखवले. अशनीचे वय सांगणारी पद्धत आता चोराचे ठसेही ओळखत होती.

त्याच वर्षी पॅटरसन यांनी एक लेख लिहिला. अमेरिकन माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभर पट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. समोर होते डॉ. रॉबर्ट केहो, शिसे उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनाचे प्रमुख आणि या विषयातले चाळीस वर्षांचे अधिकारी. केहो म्हणत, शिसे सगळ्यांच्याच शरीरात सापडते, अगदी मोटारींपासून दूर राहणाऱ्यांच्याही. तेव्हा ते नैसर्गिकच, आणि ठरावीक मर्यादेखाली निरुपद्रवी. पॅटरसन यांचा मुद्दा साधा होता. सगळ्यांच्या शरीरात सापडते म्हणून ते नैसर्गिक कसे? तुलनेसाठी निवडलेला माणूसही त्याच जगात राहतो, त्याच भांड्यात जेवतो. आणि मोजणाऱ्याची प्रयोगशाळाच शिशाने माखलेली असेल, तर शिसे नसलेला नमुना त्याला दिसणारच नाही.

किंमत मोजावी लागलीच. पेट्रोलियम उद्योगाच्या संघटनेकडून मिळणारा निधी थांबला. १९७१ साली हवेतल्या शिशावर विचार करण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर समिती नेमली गेली, तीत या विषयातल्या या सर्वांत बारकाईने मोजणाऱ्या माणसाला जागा नव्हती. पण पॅटरसन गप्प बसले नाहीत. १९६६ साली सिनेटर मस्की यांच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. १९६९ साली ग्रीनलंडच्या बर्फाचे आकडे प्रसिद्ध केले: इसवी सनापूर्वी ८०० च्या बर्फाच्या तुलनेत १९६५ च्या बर्फात शिसे दोनशे पटींहून अधिक, आणि सर्वांत मोठी उसळी १९४० नंतरची. पेरूमधल्या प्राचीन सांगाड्यांशी आजच्या माणसाच्या हाडांची तुलना केली. डबाबंद माशात डब्याच्या डाखातून शिसे उतरते, हेही दाखवले.

अमेरिकेने १९७३ पासून पेट्रोलमधले शिसे टप्प्याटप्प्याने कमी करायला घेतले. १९७६ ते १९८० या काळात तिथल्या लोकांच्या रक्तात दर डेसिलिटरला सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसे होते. १९८८ ते १९९१ मध्ये ते २.८ वर आले. डिसेंबर १९९५ मध्ये पॅटरसन वारले. पुढच्याच महिन्यात रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर तिथे पूर्ण बंदी आली. आपल्याकडे १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. जगात शेवटी उरलेल्या अल्जीरियाने २०२१ साली विक्री थांबवली.

म्हणजे शिशाचा प्रश्न मिटला का? नाही. शिसे लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर घाला घालते आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असल्याचा अंदाज युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात दिला आहे. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे, रंग, भांडी, भेसळीचे मसाले, अशा अनेक वाटांनी ते घरात येते. त्याला वास नाही, चव जाणवत नाही. मूल तापाने फणफणत नाही, फक्त वर्गात मागे पडते. आणि अमुक मूल शिशामुळेच मागे पडले, असे कोणाला सांगता येत नाही. म्हणून ते मोजावेच लागते. आपल्याकडे किती मुलांच्या रक्तातले शिसे आजवर कोणी मोजले आहे, हा प्रश्न विचारायला मात्र कोणत्याही यंत्राची गरज नाही.