एकोणीस जून : दास्यमुक्तीच्या एका दिनाची कथा

जून महिन्याच्या १८ तारखेचे महत्त्व गोमंतकीय वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. १९४६ साली त्या दिवशी डॉ. राममनोहर लोहिया मडगावच्या सभेत बोलावयास उभे राहिले, आणि तेव्हापासून तो दिवस क्रांतिदिन म्हणून आपल्या स्मरणात राहिला आहे. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जून रोजी, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हल्ली सरकारी कचेऱ्या, टपालघरे व बँका बंद असतात. तेथील कृष्णवर्णीय समाजाने ‘जून’ आणि ‘नाइन्टीन्थ’ हे दोन शब्द एकमेकांत मिसळून या दिवसाला ‘जूनटीन्थ’ असे घरगुती नाव दिले आहे. हा दास्यमुक्तीचा दिन होय. राष्ट्रीय सुटीचा मान त्याला २०२१ साली मिळाला. पाळला मात्र तो १८६६ पासून जात आहे. या दोन सालांमध्ये दीडशे वर्षांहून अधिक काळ गेला. तो कसा गेला, हे पाहण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

अमेरिकेतील यादवी युद्ध चालू असताना अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा काढला. बंड करून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील संस्थानांतील सर्व गुलाम यापुढे स्वतंत्र आहेत, असा त्याचा आशय होता. जाहीरनाम्याची खरी मेख अशी की, ज्या मुलुखाला तो लागू होता त्या मुलुखात लिंकन यांचा अंमल चालत नव्हता. केंद्राचे सैन्य जसजसे पुढे सरके तसतशी मुक्ती पुढे सरके. टेक्सास हे संस्थान पश्चिमेच्या टोकाला पडले. तेथे सैन्य फारसे पोहोचलेच नाही. उलट मिसिसिपी, लुइझियाना इत्यादी भागांतील कित्येक मळेवाले आपल्या गुलामांस पायी हाकीत टेक्सासात घेऊन आले, कारण तेथे ते हातचे जाणार नाहीत असा त्यांचा हिशेब होता. १८६० च्या शिरगणतीत टेक्सासात गुलामांची संख्या १,८२,५६६ होती. १८६५ पर्यंत ती सुमारे अडीच लाखांवर गेली.

९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली यांनी शस्त्रे खाली ठेवली. १५ एप्रिलला लिंकन मारेकऱ्याच्या गोळीने निवर्तले. टेक्सासकडील बंडखोर फौजांची शरणागती जूनच्या आरंभी झाली. त्यानंतर मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर हे सुमारे २,००० सैनिकांसह गॅल्व्हेस्टन या बेटावरील बंदरात उतरले आणि १९ जून रोजी त्यांच्या कचेरीतून तिसऱ्या क्रमांकाचा सर्वसाधारण हुकूम निघाला. जाहीरनाम्याच्या तारखेपासून मोजले तर मध्ये जवळजवळ अडीच वर्षे लोटली होती.

या विलंबाविषयी एक दंतकथा सांगतात. वार्ता घेऊन निघालेला निरोप्या खेचरावर बसून येत होता आणि खेचर चालीला मंद, म्हणून उशीर झाला, असे कोणी म्हणतात. तर वाटेत त्याचा खून झाला असे दुसरे म्हणतात. आपल्याकडील स्थलपुराणांची गोडी ज्यांना आहे त्यांना या कथेची गोडी कळेल. परंतु इतिहास तिला आधार देत नाही. जाहीरनाम्याची बातमी टेक्सासातील वृत्तपत्रांत छापून आलेली होती. मालकांना ती ठाऊक होती, आणि कित्येक गुलामांच्याही ती कानी आलेली होती. उणीव होती ती बातमी खरी करून दाखविणाऱ्या सत्तेची. हुकूम निघाल्यावरही काही मालकांनी कापसाचे पीक घरात येईपर्यंत तोंड उघडले नाही. दंतकथा सारा दोष वाटेवर टाकते. वस्तुतः तो वाड्यावर होता, आणि आम्हांला वाटते की कथा इतकी वर्षे टिकली त्याचे हेही एक कारण असावे.

त्या हुकुमाचा मजकूर थोडकाच आहे, पण तो नीट वाचण्यासारखा आहे. सर्व गुलाम मुक्त आहेत, आणि पूर्वीचे मालक व पूर्वीचे गुलाम यांचे व्यक्तिगत हक्क व मालमत्तेचे हक्क पूर्णपणे समान आहेत, असे त्यात प्रथम सांगितले आहे. समानतेचा असा निःसंदिग्ध उच्चार त्या काळच्या लष्करी कागदात सापडावा हे नवल होय. परंतु लगेच पुढच्या ओळींचा सूर पालटतो. मुक्त झालेल्यांनी शांतपणे आहेत त्याच घरी राहावे व मजुरीवर काम करावे. लष्करी ठाण्यांपाशी गोळा होऊ नये. आळसात राहणाऱ्यास कोठेही पोसले जाणार नाही. ज्यांच्या पिढ्या वेतनाशिवाय राबल्या त्यांनाच आळसाविषयी ताकीद! या हुकुमाची हस्तलिखित मूळ प्रत अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात २०२० साली हाती लागली.

सबंध देशातील गुलामगिरी मात्र १९ जूनला संपली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. डेलावेअर व केंटकी ही संस्थाने बंडात नव्हती, म्हणून लिंकन यांचा जाहीरनामा त्यांना लागूच नव्हता. तेथील गुलाम ६ डिसेंबर १८६५ रोजी राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती मंजूर झाल्यावर मुक्त झाले. त्या दुरुस्तीतही गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला होता, आणि त्या फटीतून जुनीच वहिवाट पुन्हा घरात शिरली. किरकोळ आरोपांवरून कृष्णवर्णीयांना कैदेत टाकावे आणि ते कैदी ऊसमळ्यांना भाड्याने द्यावेत, असा प्रकार टेक्सासात कित्येक वर्षे चालला. २०१८ साली शुगर लँड या गावाजवळ शाळेच्या इमारतीसाठी जमीन खणताना अशा ९५ कैद्यांच्या विस्मृत कबरी उघड्या पडल्या.

तरीही १८६६ पासून टेक्सासातील मुक्त लोकांनी १९ जून हा दिवस धरला तो सोडला नाही. त्यांच्या उत्सवाची रीत वाचताना आम्हांस आपल्याकडील जत्रेची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. सकाळी प्रार्थना, मग मुक्तीच्या जाहीरनाम्याचे जाहीर वाचन, मग वृद्ध मंडळींनी आपल्या दास्यातील दिवसांची हकीकत सांगावयाची आणि लहानांनी ती ऐकावयाची. त्यानंतर एकत्र भोजन, गाणी, चेंडूफळीचे सामने. पानात तांबड्या रंगाचे पदार्थ हवेतच: कलिंगड, तांबडे सरबत. उत्तम वस्त्रे अंगावर असली पाहिजेत हाही कटाक्ष असे, कारण दास्यात चांगले वस्त्र नेसण्याची चोरी होती.

उत्सवाला जागा मिळणे सोपे नव्हते. सार्वजनिक बागांत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. तेव्हा ह्यूस्टन शहरात १८७२ साली धर्मोपदेशक जॅक येट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजातून वर्गणी जमवून सुमारे १० एकर जमीन विकत घेतली आणि तिला ‘इमॅन्सिपेशन पार्क’, म्हणजे मुक्तीची बाग, असे नाव ठेवले. सात वर्षांपूर्वी जे स्वतःच खरेदीखतात मालमत्ता म्हणून लिहिले जात होते, त्यांनी उत्सवासाठी खरेदीखत करून जमीन घ्यावी! देवांच्या मूर्ती रात्रीतून नदीपार नेऊन फोंड्याच्या बाजूला नव्याने देवस्थाने उभारणाऱ्या पूर्वजांचे आपण वंशज. आपला उत्सव आपल्याच भूमीवर झाला पाहिजे, ही तळमळ आपल्याला निराळी समजावून सांगावी लागत नाही.

विसाव्या शतकात उत्सवाला ओहोटी लागली. पोटासाठी माणसे उत्तरेच्या व पश्चिमेच्या शहरांत गेली. कारखान्याचा मालक १९ जूनची सुटी देत नसे. शाळेच्या पुस्तकांत ४ जुलै तेवढा स्वातंत्र्यदिन. तो दिवस गुलामाचा कोण लागतो, हा प्रश्न स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ मध्येच एका भाषणात विचारला होता, पण पाठ्यपुस्तकांनी त्याची दखल घेतली नाही. शिवाय नव्या पिढीतील काहींना दास्याची आठवण काढण्यातच कमीपणा वाटे. अशी लाज मनुष्यस्वभावाला धरून आहे. तिला हसण्याचे कारण नाही. परंतु स्थलांतर करणाऱ्यांनी आपला दिवसही गाठोड्यात बांधून नेला होता, त्यामुळे तो टेक्सासाबाहेर लॉस एंजेलिस, ओकलंड, मिलवॉकी अशा ठिकाणी रुजला. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर निर्धनांच्या मोर्चाचा मुख्य मेळावा वॉशिंग्टन येथे १९ जूनलाच भरला.

राजमान्यतेची पहिली पायरी टेक्सासनेच चढली. ह्यूस्टनचे प्रतिनिधी अल एडवर्ड्स यांनी मांडलेले विधेयक १९७९ साली संमत झाले व १९८० पासून १९ जून ही त्या संस्थानाची सुटी झाली. इतर संस्थाने सावकाश मागून आली. राष्ट्राने हा दिवस पाळावा यासाठी पुष्कळांनी खटपट केली, पण त्यांत ओपल ली या वृद्ध शिक्षिकेचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांचा जन्म १९२६ चा, टेक्सासातलाच. १९३९ साली फोर्ट वर्थ शहरात त्यांच्या आईवडिलांनी गोऱ्या वस्तीत घर घेतले, तेव्हा शेकडोंच्या जमावाने ते उद्ध्वस्त केले. तारीख होती १९ जून. २०१६ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, या बाई फोर्ट वर्थहून वॉशिंग्टनच्या दिशेने चालत निघाल्या. ठिकठिकाणी त्या अडीच मैल चालत. अडीच वर्षे उशिरा आलेल्या मुक्तीची ती खूण होती.

मे २०२० मध्ये मिनिॲपोलिस येथे पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला आणि सारा देश ढवळून निघाला. जे काम दशकानुदशके रखडले होते ते पुढच्या वर्षी तीन दिवसांत झाले. १५ जून २०२१ रोजी सेनेटने विधेयक एकमताने मंजूर केले, १६ रोजी प्रतिनिधिगृहाने ४१५ विरुद्ध १४ मतांनी, आणि १७ रोजी अध्यक्ष बायडन यांनी सही केली. त्या वेळी ९४ वर्षांच्या ओपल ली तेथे उपस्थित होत्या. १९८३ साली किंग यांच्या जन्मदिनाच्या सुटीचा कायदा झाला होता. त्यानंतर राष्ट्राने नवी सुटी स्वीकारली ती हीच.

मान्यतेबरोबर वादही आले. सुटीच्या अधिकृत नावात ‘स्वातंत्र्यदिन’ हा शब्द आहे. एका राष्ट्राला दोन स्वातंत्र्यदिन कशाला, असा विरोधकांचा आक्षेप होता. दुसरीकडे, ज्यांचा हा उत्सव त्यांच्यातीलच काहींना भीती वाटते की सुटी मिळाली पण न्याय बाजूला राहिला. २०२२ मध्ये एका मोठ्या दुकानमालिकेने या दिवसाच्या नावाचे आइस्क्रीम विकावयास काढले आणि लोकनिंदा होताच ते मागे घेतले. सणाचा बाजार होण्याचे दुःख आपल्यालाही अपरिचित नाही. तथापि केवळ त्या भीतीने राजमान्यता नाकारावी, हे आम्हांस पटत नाही. सरकारी पंचांगात दिवस आला म्हणजे निदान मुलाने ‘आज शाळा का नाही?’ असे विचारले असता कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.

या सर्वांशी मराठी माणसाचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीनंतर आठच वर्षांनी, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्या कार्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सत्प्रवृत्त लोकांना अर्पण केले. त्या पुस्तकातील मते आपल्यातील अनेकांना तेव्हा बोचली, आजही बोचतात. पण टेक्सासमधील घटनेचे मोल पुण्यात बसून इतक्या लवकर ओळखणारा मनुष्य मराठीत लिहीत होता, हे विसरून चालणार नाही. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलाम मुक्त झाले आणि उसाच्या मळ्यांवर त्यांच्या जागी करारबंद हिंदी मजूर आणले गेले. त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. आज त्या देशात १ फेब्रुवारी ही गुलामगिरी संपल्याची व २ नोव्हेंबर ही मजुरांच्या आगमनाची, अशा दोन्ही सुट्या आहेत.

आणि आपण स्वतः? पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. गोमंतकात जमीनदारांच्या वाड्यांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या कुटुंबांना ‘बांदे’ व ‘फर्जंद’ म्हणत. देवळांच्या सेवेत जन्मानेच अडकलेल्या स्त्रियाही होत्या. या गोष्टी अमेरिकेतील गुलामगिरीशी सर्वस्वी सारख्या नव्हत, हे खरे. पण त्या आपल्या देवस्थानांच्या छायेत घडल्या, हेही तितकेच खरे.

पोर्तुगीज अमलातील गुलामांचा बाजार तर थेट जुन्या गोव्यात भरत असे. १५८३ ते १५८८ या काळात तेथे राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने त्याचे वर्णन केले आहे. घोडे, कापड व रत्ने यांच्या बरोबरीने माणसांचाही लिलाव तेथल्या सरळ रस्त्यावर होत असे. ब्रिटिश हिंदुस्थानात गुलामगिरीचे कायदेशीर अस्तित्व १८४३ मध्ये संपले. पोर्तुगालने आपल्या सर्व मुलुखांपुरता हुकूम काढला तो २५ फेब्रुवारी १८६९ रोजी; आणि त्यातही मुक्त झालेल्यांनी १८७८ पर्यंत जुन्याच मालकांची चाकरी करावी, अशी अट घातली होती. २५ फेब्रुवारी हा दिवस गोव्याच्या सुट्यांच्या यादीत नाही. मांडवीकाठच्या विजरेईंच्या कमानीतून आत शिरले की जो रस्ता सुरू होतो, तोच तो सरळ रस्ता. प्रवासी आजही त्यावरून चर्चे पाहावयास जातात.