इंटरनेटचे व्यसन : उपचार साऱ्या घराचे

दारूचे व्यसन जडलेल्या माणसाला उपचारासाठी नेले, तर त्याने पुन्हा कधीही दारूला स्पर्श करू नये हे उद्दिष्ट असते. इंटरनेटच्या बाबतीत ही सोय नाही. शाळेचा गृहपाठ, महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज, बँकेचे व्यवहार, कापसाचे भाव असे सारेच त्या एका पडद्यावर आले आहे. ज्या वस्तूचे व्यसन लागले तीच वस्तू उपचारानंतरही रोज हाताळायची, आणि तीही त्याच घरात, त्याच माणसांच्या सहवासात! म्हणूनच या विकारात रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घेण्याची पद्धत रूढ होत गेली.

खामगावसारख्या बाजारपेठेच्या शहरात हा प्रश्न एकेकाळी सायबर कॅफेपुरता मर्यादित होता. तेथे तासाचे पैसे मोजावे लागत आणि कॅफे बंद होण्याची वेळ ठरलेली असे. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच मोबाइलवर भरू लागली. ज्या वस्तूपासून मुलांना दूर ठेवण्याची खटपट चालली होती, तीच पालकांनी स्वतःच्या हाताने त्यांना घेऊन दिली. त्यात त्यांचा इलाज नव्हता. परंतु शाळा पुन्हा सुरू झाल्यावर ती वस्तू परत घेणे अनेक घरांना जमले नाही.

व्यसन केव्हा म्हणावे?

‘इंटरनेटचे व्यसन’ हा शब्दप्रयोग मुळात थट्टेतून आला. आयव्हन गोल्डबर्ग या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९९५ मध्ये विडंबन म्हणून या ‘विकारा’ची लक्षणे लिहिली आणि लोकांनी ती खरी मानली. त्याच सुमारास मानसशास्त्रज्ञ डॉ. किंबर्ली यंग यांनी या विषयाचा गांभीर्याने अभ्यास सुरू केला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये इंटरनेटवरील खेळांच्या विकाराचा उल्लेख ‘अधिक संशोधनाची गरज असलेली अवस्था’ असा केला. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ला स्थान दिले, ते वर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झाले आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाले. रील्स पाहणे किंवा समाजमाध्यमांवर रमणे यांना मात्र त्या यादीत स्वतंत्र आजार म्हणून जागा नाही. पालकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे, कारण मुलाला ‘व्यसनी’ ठरविण्याची घाई आपल्याकडे फार होते.

या वर्गीकरणातील कसोट्या तीन आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व आवडी आणि दैनंदिन कामे यांपेक्षा खेळाला अधिक महत्त्व येणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे. हे वर्तन सामान्यतः बारा महिने टिकलेले असावे आणि त्यामुळे शिक्षण, नोकरी, कुटुंब किंवा नातेसंबंध यांची गंभीर हानी झालेली असावी. दिवसाला किती तास, ही कसोटी त्यात नाही.

घर कशासाठी?

महाराष्ट्राला व्यसनमुक्तीतील कुटुंबाचा सहभाग नवा नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ची स्थापना केली, त्यासाठी पु. ल. देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य केले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालू झाला. व्यसनी माणसाबरोबर राहून घरातील माणसेही आतून बदलतात. कधी पांघरूण घालतात, कधी पाळत ठेवतात, कधी उसने पैसे फेडत बसतात. त्यांनाही आधाराची आणि शिकण्याची गरज असते, हा त्यामागचा विचार. ‘मुक्तांगण’मध्ये पुढे मोबाइल व इंटरनेटच्या आहारी गेलेले रुग्णही येऊ लागले. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी ‘शट क्लिनिक’ हे स्वतंत्र उपचार केंद्र उघडले.

मोबाइलच्या बाबतीत घराचा वाटा कसा असतो, हे पाहायला दूर जावे लागत नाही. आई ‘नाही’ म्हणते, वडील दुकानातून आल्यावर ‘जाऊ दे, घे दहा मिनिटे’ म्हणतात आणि आजी जेवण उरकावे म्हणून गुपचूप मोबाइल हातात देते. तीन माणसांचे तीन नियम! यात मुलगा एवढेच शिकतो, की नियम हे माणूस बघून बदलतात. दुसऱ्या एखाद्या घरात आईवडिलांमध्ये अबोला असतो आणि दार लावून पडद्यासमोर बसणे ही मुलाची पळवाट असते. तिसऱ्या घरात मुलगी वर्गात चिडवली जाते, घरी ते कुणाला ठाऊक नसते आणि खेळातील अनोळखी सवंगडी तिला जवळचे वाटतात. तिघांच्या हातून मोबाइल काढून घेतला तर तिन्ही घरांत भांडण सारखेच होईल, पण दुखणे तिन्ही ठिकाणी निरनिराळे आहे.

कौटुंबिक उपचारात समुपदेशक प्रथम या दुखण्याचा शोध घेतो. पहिल्या भेटीत शक्यतो घरातील सर्वांना बोलावले जाते, आजी-आजोबांनाही. त्यानंतर मुलाशी एकट्याने बोलणे होते आणि त्यातील गोष्टी, जिवाला धोका असल्याखेरीज, पालकांना सांगितल्या जात नाहीत. पालकांना ही अट खटकते; परंतु तिच्याविना मुलगा तोंड उघडत नाही.

पुढील आठवड्यासाठी नोंदवही दिली जाते. मोबाइल केव्हा हातात घेतला, त्याच्या आधी काय घडले होते, मन कसे होते आणि ठेवताना कसे वाटले, हे लिहायचे. ही नोंद घरातील प्रत्येकाने ठेवायची असते. वडिलांची वही उघडल्यावर जेवणाच्या ताटावर चाललेले व्हॉट्सअॅप कागदावर येते. घरातील संवादाचा सूर येथे बदलतो, आरोपीच्या पिंजऱ्यात मग एकटा मुलगा उरत नाही.

त्यानंतर लेखी करार होतो. तो वडीलधाऱ्यांनी फर्मान म्हणून काढायचा नसतो, मुलाच्या सहमतीने ठरवायचा असतो. रात्री सर्वांचे मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर एका जागी चार्जिंगला, जेवताना कुणाचाही नाही, अभ्यासासाठी लागणारा वेळ आणि करमणुकीचा वेळ वेगळा. वेळ एकदम शून्यावर न आणता टप्प्याटप्प्याने कमी केली जाते. करार मोडला तर काय, हेही शांत डोक्याने आधीच लिहून ठेवतात, म्हणजे रागाच्या भरात शिक्षा ठरत नाही. मोकळ्या झालेल्या वेळेचे काय करायचे, हा प्रश्न मात्र सर्वांत अवघड. संध्याकाळचे दोन तास रिकामे करून मुलाला ‘आता वाच’ म्हटले तर तो पुन्हा पडद्याकडेच वळेल. क्रिकेट, सायकल, तालीम किंवा वडिलांबरोबर दुकानात बसणे, यातील काहीतरी त्याच्या आवडीचे आणि कुणाच्या तरी सोबतीने असावे लागते.

खेळ बंद झाल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता, झोप बिघडणे हे प्रकार होतात. पालक बहुधा याच दिवसांत हरतात आणि मोबाइल परत देतात. या काळात समुपदेशकाशी संपर्क ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे. नैराश्य, अतिचिंता किंवा एकाग्रतेचा विकार सोबत असेल तर मनोविकारतज्ज्ञ त्यावर औषधे देतात.

या पद्धतीचा उपयोग होतो का? चीनमध्ये १२ ते १८ वयोगटातील ४६ मुले आणि त्यांचे पालक यांच्यावर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक कुटुंबांना एकत्र बसवून घेतलेल्या सहा सत्रांनंतर व्यसनाच्या निकषात बसणाऱ्या मुलांचे प्रमाण ४.८ टक्क्यांवर आले, तर प्रतीक्षेत ठेवलेल्या गटात ते ८७.५ टक्के राहिले. तीन महिन्यांनंतरही उपचार घेतलेल्या गटातील प्रमाण ११.१ टक्के एवढेच होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला जिनिव्हातील ४२ मुलांचा अभ्यास अधिक उद्बोधक वाटतो. तेथे दोन प्रकारच्या कौटुंबिक उपचारांची तुलना झाली. दोन्हींमुळे विकाराचे प्रमाण घटले, पण खेळण्याच्या तासांत फरक पडला नाही! प्रारंभी पालकांना समस्या मोठी आणि मुलांना क्षुल्लक वाटत होती. वर्षभरात पालकांचे मत सौम्य होत गेले आणि हे अंतर कमी झाले. दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि त्यांवरून फार मोठे दावे करू नयेत. तरीही घड्याळ लावून मुलावर नजर ठेवणाऱ्यांनी दुसऱ्या अभ्यासाचा विचार करावा.

याउलट, मुलाला घरापासून तोडून ‘सुधारण्याचे’ प्रयोगही चीनमध्येच झाले. तेथील शिबिरांत मुलांना विजेचे झटके दिले जात. २००९ च्या जुलैमध्ये आरोग्य मंत्रालयाला त्यावर बंदी घालावी लागली. पुढच्याच महिन्यात ग्वांगशी प्रांतातील एका शिबिरात पंधरा वर्षांचा मुलगा मारहाणीत मृत्युमुखी पडला.

आपल्या राज्यातील दोन गावांनी २०२२ मध्ये या प्रश्नाला हात घातला. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाइल बंद राहू लागले. यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सीच्या ग्रामसभेने नोव्हेंबरमध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. हेतू दोन्हीकडे चांगलाच होता. वडगावच्या भोंग्यापुढे मात्र थोर-लहान सारखे होते, आणि कौटुंबिक उपचाराशी ताडून पाहिले तर ती पद्धत अधिक जवळची वाटते.

खामगावकरांनी कोठे जावे?

खामगावहून बुलडाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही ठिकाणे साधारण पन्नास किलोमीटरवर आहेत. मनोविकारतज्ज्ञाच्या दाराशी ओळखीचे कुणी भेटेल, या संकोचाने अनेक जण टाळाटाळ करतात. त्यांच्यासाठी ‘टेलि-मानस’ ही केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. मुलगा यायला तयार नसला तरी पालकांनी एकट्याने बोलण्यास हरकत नाही. पालकांच्या वागण्यातील बदलापासूनही उपचाराला आरंभ करता येतो.

मोबाइल काढून घेतल्यावर मुलगा जीव देण्याची भाषा करीत असेल, स्वतःला इजा करीत असेल किंवा अंगावर धावून येत असेल, तर ते नाटक समजून सोडून देऊ नये. करार, नोंदवही वगैरे मागाहून. त्याला एकटे ठेवू नये, औषधे व कीटकनाशके कुलुपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.